घरचा बाक

कचेरीत त्यांना सगळे ‘बसूनबघू’ म्हणत. सरकारी खरेदीतली खुर्ची असो की बाक, आधी स्वतः त्यावर बसायचं, डावीउजवीकडे डुलायचं, कान टवकारायचे आणि जराशी कुरकुर ऐकू आली की माल परत, ही त्यांची पद्धत. ठेकेदार त्यांना वचकून असत. त्याचा त्यांना गर्व होता, उगाच कशाला लपवा.

एकदा शिपायाच्या बायकोने कचेरीच्या पडद्यांसाठी दर भरला होता. “कर्मचाऱ्याच्या घरच्यांना काम देता येत नाही. नियम म्हणजे नियम!” असं चारचौघांत सुनावून यांनी तिच्या नमुन्याचं पुडकं तसंच परत केलं. शिपाई मान खाली घालून गेला.

पुढे यांच्याच थोरल्याचा सुतारकामाचा कारखाना बसायला आला. “बाबा, एक मोठं काम मिळालं तर तगेन,” तो म्हणाला. बसूनबघूंनी डोळ्यांवर कातडं ओढलं आणि दवाखान्याच्या बाकांचा दर साडूच्या नावाने भरायला लावला. लाकूड मात्र स्वतः निवडलं. खराब माल थोडाच खपवतोय, अशी मनाची समजूत. तरी शिपाई चहा घेऊन आला की हे फायलीत डोकं खुपसत.

बाक आले. यांच्या वरच्या अधिकारी बाई हसून म्हणाल्या, “काका, तुम्ही बसून बघा. तुम्ही हो म्हणालात की मी डोळे मिटून सही करते.”

ते बसले, डुलले. बाक हूं की चूं करेना. इतका चांगला बाक त्यांनी उभ्या नोकरीत तपासला नव्हता, पण ‘चांगला’ हा शब्द काही तोंडातून फुटेना.

“बाई, मला हा तपासता येणार नाही,” ते उठत म्हणाले. “माझ्याच घरचा आहे. नाव साडूचं, कारखाना मुलाचा.”

बाईंचं हसू मावळलं. “मग काम रद्द होणार, काका. आणि तुमची चौकशी.” मालाची स्थिती तरी लिहायला हवी, म्हणून बाईंनी दारातल्या शिपायाला बसून बघायला सांगितलं.

शिपाई बसला. अगदी यांच्यासारखाच डुलला, कान देऊन ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टेचा लवलेश नव्हता, आणि तेच यांना सोसवेना.

“चांगला आहे, बाई,” तो म्हणाला. मग यांच्याकडे वळून हळूच म्हणाला, “पडदेपण चांगले होते, साहेब. तुम्ही उघडूनसुद्धा बघितले नाहीत.”