सॅम्पलबरहुकूम काका

"रिजेक्ट! पूर्ण डोकं रिजेक्ट!"

भोपाळच्या जवाहर चौकातल्या त्या सलूनमध्ये आमचे वरच्या मजल्यावरचे काका ओरडत होते. खुर्चीवर उभे राहिले नव्हते एवढंच. गळ्याशी बांधलेलं पांढरं कापड, त्यावर संतापलेला चेहरा, आणि त्याच्याही वर नुकत्याच भट्टीतून काढलेल्या विटेच्या रंगाचे केस. दाढीला बसलेलं एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाचा साबण तसाच घेऊन रस्त्यावर निघून गेलं. आणि मला शपथेवर विचारलंत तर सांगेन, काचेच्या दारातून काकांचं डोकं बघून चौकातले दोन टेम्पो सिग्नल लागला असं समजून थांबले. या सगळ्याला मी साक्षीदार होतो. साक्षीदार कसला, अर्धा आरोपीच, कारण काकांना माझ्याच स्कूटरवर बसवून मी तिथे आणलं होतं.

या माणसाने उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केली नाही. सूर्य उगवतो तोसुद्धा काकांच्या तपासणीत दोनदा परत गेला असेल आणि दुरुस्त होऊन आला असेल, अशी आमच्या टाउनशिपमध्ये समजूत होती. कारखान्यात ते रंगाचे इन्स्पेक्टर होते. घराएवढ्या मोठ्या यंत्रांवर शेवटचा हात फिरला की काका यायचे, अंगठा दाबायचे, डोळा बारीक करायचे, खिशातून मंजूर सॅम्पलची पट्टी काढून यंत्राला भिडवायचे आणि म्हणायचे, "काहून रे बाप्पा, हा काय रंग आहे?" की रंगारी पुन्हा बादली ढवळायला लागत. मी त्याच कारखान्यात स्टोअर्सला होतो आणि क्वार्टर त्यांच्या बरोबर खालचं, त्यामुळे मला हे इन्स्पेक्शन दिवसपाळीतही मिळे आणि घरीही. आमच्याकडे जेवायला बसले की वरणाकडे बघून ते माझ्या बायकोला सांगत, "परवापेक्षा एक शेड फिकं आहे." आणि तिची हळद त्या दिवशी खरंच संपलेली असे.

रंगांच्या छटांचं शेडकार्ड त्यांच्या खिशात कायम असायचं, जसं इतरांच्या खिशात कंगवा असतो. ड्रॉइंग ऑफिसातले एक गृहस्थ एकदा सकाळी दुधाच्या रांगेत त्यांच्या पुढे उभे होते. काकांनी त्यांचं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं, शेडकार्ड डोळ्यांशेजारी धरलं आणि निकाल दिला, "कालच्यापेक्षा दीड शेड पिवळा झालास. दूध घेऊ नको, डॉक्टरकडे जा." ते गृहस्थ आठवडाभर बोलले नाहीत, आठव्या दिवशी कावीळ निघाली. बरे होऊन ड्युटीवर जाताना डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांनी खिशात घातलं, पण आधी जिना चढून वर आले आणि काकांपुढे डोळे विस्फारून उभे राहिले. काकांनी पास केलं तेव्हा कुठे बिचारे कामावर गेले.

टाउनशिपच्या मराठी मंडळाचा गणपती आणायला तर काकांना नेऊ नये असा ठराव व्हायचा आणि दरवर्षी काका आधीच जाऊन बसलेले असायचे. एका वर्षी त्यांनी टॉर्च मारून मूर्तीच्या कानामागे बघितलं आणि कारागिराला म्हणाले, "यहां ब्रश नहीं पहुंचा." कारागीर हात जोडून म्हणाला, "बाबूजी, पीछे कौन देखता है?" काका शांतपणे म्हणाले, "चूहा देखता है." त्या वर्षी बाप्पा मुहूर्त टळल्यावर, ओल्या कानांनी मंडपात आले.

अशा माणसाने आयुष्यात एकच खोटा रिपोर्ट दिला आणि तो चार वर्षं दर रविवारी दिला. त्याची गोष्ट अशी.

काकूंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी कुणीतरी सांगितलं की पिकू द्या, मग पिकला तेव्हा काकूंना भीती वाटायला लागली, आणि असं करता करता चार वर्षं गेली. काकूंना माणूस दिसायचा, पण ताकातून बघावा तसा. बाकी घर त्या हाताच्या अंदाजाने चालवायच्या. काका त्यांना पेपर वाचून दाखवायचे, बाहेर काय दिसतं ते सांगायचे, आणि सांगायचे तेही शेडनंबरसकट, त्यामुळे काकू म्हणायच्या, "अहो, साधं सांगा ना, गुलमोहोर फुललाय की नाही?" दर रविवारी काकांची दाढी झाली की काकू हमखास विचारायच्या, "केस पिकले का हो तुमचे?" आणि काका म्हणायचे, "कानाशी थोडे. बाकी जैसे थे."

जैसे थे कसले. त्या चार वर्षांत काकांचं डोकं सावरीचं बोंड उकलावं तसं पांढरंशुभ्र झालं होतं. खाली माझ्या खिडकीशी हा संवाद ऐकू यायचा आणि मी पेपरात तोंड घालायचो. एकदा मी जिन्यात त्यांना छेडलं, "काका, हे इन्स्पेक्शनच्या कुठल्या नियमात बसतं?" ते कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिले.

शेवटी काकू ऑपरेशनला तयार झाल्या. दुपारी आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काढायची ठरली. काकूंजवळ त्यांची बहीण बसली आणि काका चार वाजता माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"स्कूटर काढतो का? केसं रंगवाचे आहेत."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिनं ही चार वर्षं पाह्यलीच नाहीत ना रे. चार वर्षांचं म्हातारपण एका सकाळी कसं दाखवू तिला? घाबरून जाईल ते."

यावर स्कूटर काढण्याशिवाय माणूस काय करणार.

आता दुसरा कोणीही असता तर सलूनमध्ये जाऊन म्हणाला असता, काळा कर. काकांनी बगलेत फ्रेम आणली होती. पुतण्याच्या लग्नातला रंगीत फोटो, काकूंनी त्यांना धड डोळ्यांनी पाहिलं होतं तेव्हाचा. "काळा नहीं चाहिए," त्यांनी सलूनवाल्याला बजावलं, "ये सैंपल है. इससे मिलना चाहिए. कान के पास थोड़ा सफेद छोड़ना." सलूनवाला वयस्कर, धीराचा माणूस. त्याने फोटो उजेडात नेला, परत आणला आणि म्हणाला, "बाबूजी, फोटो तो लाल पड़ गई है." काका म्हणाले, "सैंपल पर बहस नहीं." कारखान्यात पंचवीस वर्षं ज्या आवाजात ते हे वाक्य बोलत आले त्याच आवाजात बोलले, आणि पंचवीस वर्षं रंगाऱ्यांनी केलं तेच त्या माणसाने केलं. मान खाली घातली आणि रंग कालवला. तासभर काका डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले आणि पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

तर काका रिजेक्ट म्हणून ओरडत होते. सलूनवाल्याने उलट आवाज चढवला नाही. त्याने हात पुसले, फ्रेम उचलली आणि काकांच्या कानाशेजारी आरशासमोर धरली.

"मिला लीजिए, बाबूजी."

मीही वाकून बघितलं. फोटोतल्या काकांचे केस आणि खुर्चीतल्या काकांचे केस, दोन्ही एकाच भट्टीतल्या विटा. केसाचाही फरक नव्हता. फोटोतल्या काकूंचा हिरवा शालू मातकट झाला होता, नवरदेवाचा फेटाही तांबूस, आणि मांडवाच्या झालरीसुद्धा जणू गेरूत बुचकळून काढल्या होत्या. चार उन्हाळे तो फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर उन्हं खात होता, आणि रोज डोळ्यासमोर असल्यामुळे काकांसारख्या काकांना ते कधी दिसलं नव्हतं. सॅम्पल उन्हात ठेवायचं नाही आणि दर सहा महिन्यांनी नवं करून घ्यायचं, हा नियम कारखान्यात नव्या पोरांना शिकवणारे हेच.

काकांनी फोटोकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. मग हळूच गळ्यातलं कापड सोडलं आणि म्हणाले, "मिल रहा है. पास है." सॅम्पलशी जुळलेला माल परत करायचा नाही, हा त्यांचा धर्म होता आणि तो त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पाळला. सलूनवाल्याला जाताना "माफ करना भैया" म्हणाले. तो म्हणाला, आठ दिवसांनी या, काळा लावून देतो, पण आज पुन्हा लावला तर टाळू सोलून निघेल.

आठ दिवस कुणाकडे होते? घरी आल्यावर मी काकांना मागच्या अंगणातल्या नळाखाली बसवलं. आधी शिकेकाई, मग लिंबू, मग कपडे धुवायची वडी. माझी बायको दही घेऊन आली, शेजारणीने बेसन पाठवलं. काकांच्या डोक्यावर त्या संध्याकाळी कढीचं सगळं साहित्य जमा झालं होतं, फक्त फोडणी राहिली होती. रंग काही उतरला नाही, उलट चकाकी आली. काकांनी थिनर मागितलं. मी थिनरचा डबा त्यांच्या घरून आधीच आणून आमच्या पलंगाखाली सरकवला होता.

"सगळे काढूनच टाकू का?" मी विचारलं.

"टक्कल करून गेलो तर पट्टी काढल्याबरोबर विचारील, कोण गेलं? ऑपरेशनचा डोळा आहे, रडून चालत नाही म्हणते डॉक्टर."

मग टोपीचा विचार झाला. पण घरात निघाली ती माकडटोपी, आणि बाहेर भोपाळचा मे. शेवटी काकांनी कारखान्याचं पिवळं हेल्मेट घातलं आणि माझ्या बायकोपुढे उभे राहिले. ती म्हणाली, "काका, काकूंना वाटेल दवाखान्याचं छत पडणार आहे." काकांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि पायरीवर बसले. केसांतून पाणी ठिबकत होतं, शर्टाच्या कॉलरला तांबूस ओघळ आले होते.  मी म्हटलं, "काका, मी सांगू का काकूंना? आधी जाऊन जरा कल्पना देतो."

"नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट माझा होता. खोटा होता, तर मीच सांगीन."

सकाळी आम्ही गेलो. काका उघड्या डोक्याने चालत होते. वॉर्डात बायका उठून बसल्या, एका नर्सने दुसरीला कोपर मारलं, आणि काका कुणाकडे न बघता काकूंच्या खाटेशी जाऊन, साहेबापुढे उभं राहावं तसे हात मागे बांधून उभे राहिले. मी दारातच थांबलो. डॉक्टरांनी पट्टी काढली, थेंब घातले, सावकाश उघडा म्हणाले.

काकूंनी डोळा उघडला. खिडकीकडे पाहिलं, डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं, मग काकांकडे.  काका म्हणाले, "हे केस माझे खरे नाहीत. खरे सगळे पांढरे झालेत. मी तुला चार वर्षं खोटं सांगितलं."

काकू बघतच राहिल्या. काका खाली वाकले, तेव्हा काकूंनी हात वर करून त्यांच्या गालावरून फिरवला, कपाळावरून फिरवला, आणि हात तिथेच राहू दिला. डॉक्टर औषधं लिहायला लागले. मी बाहेर येऊन उगाच स्कूटर पुसत बसलो.

पुढे आठ दिवसांनी काका सलूनमध्ये गेलेच नाहीत. केस वाढत गेले, तसं खालून पांढरं वर येत गेलं आणि वीट शेंड्यांकडे सरकत गेली. पावसाळाभर ते दोन रंगांचं डोकं घेऊन काका कारखान्यात इतरांची यंत्रं नापास करत हिंडले, आणि त्यांच्या तोंडावर हसायची कुणाची छाती झाली नाही. पुढे रिटायर होऊन ते दोघे नागपूरला गेले. आता वरच्या क्वार्टरला कुलूप आहे. जिन्याजवळून जाताना अजून मी कठड्याचा रंग अंगठ्याने दाबून बघतो.

पण मला एक गोष्ट विचारल्यावाचून राहवलं नव्हतं. काकू दवाखान्यातून घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी, काका ड्युटीवर असताना, मी मुद्दाम वर गेलो होतो. काकू हिरवा चष्मा लावून खिडकीशी बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी विचारलंच. म्हटलं, "काकू, खरं सांगा, चार वर्षांनी काका पहिल्यांदा नीट दिसले, तेही त्या केसांत. बघितल्याबरोबर काय वाटलं तुम्हाला?"

काकूंनी चष्मा नाकावर सारखा केला.

"वाळलेत फार," त्या म्हणाल्या.