सहा जादा तकबिरी

ईदची दोन रकातींची, म्हणजे दोन फेऱ्यांची, नमाज वर्षातून दोनदाच होते, आणि तिच्यात रोजच्या नमाजेपेक्षा सहा तकबिरी जादा असतात. 'अल्लाहु अकबर'ची तकबीर ऐकली की कधी हात उचलून बांधायचे, कधी उचलून खाली सोडायचे, कधी वाकायचं, यात भल्याभल्यांचा घोळ होतो. म्हणून अहमदपुरात आमच्या गल्लीत ईदच्या आदल्या संध्याकाळी अब्बा ओट्यावर बसायचे आणि जमलेल्यांकडून घोकून घ्यायचे, "बांधा, सोडा, सोडा, बांधा. दुसऱ्या रकातीला सोडा, सोडा, सोडा, वाका." पन्नाशीतले बाप्येही निमूट बसायचे. मोंढ्यात धान्याच्या चाळणीवर तीस वर्षं राबलेल्या माणसाला गावात मान मिळाला तो एवढ्या एका गोष्टीचा. ईदगाहवर पहिल्या रांगेचं उजवं टोक अब्बांचं. मागच्या रांगांतले कितीतरी लोक त्यांच्या पाठीकडे बघूनच नमाज निभावून न्यायचे.

मी नांदेडला कॉलेजात शिकवतो. वर्षभर मशिदीची पायरी चढत नाही, ईदला मात्र नवा कुर्ता घालून, अत्तर लावून सगळ्यांच्या पुढे. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायला मला लांब जावं लागत नाही. गेल्या रमजान ईदला आदल्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा ओट्यावर शिकवणी चालली होती. अब्बांनी हाक मारली, "ये, तू बी बस." "येतं मला," म्हणत मी मोबाइल घेऊन आत गेलो.

सकाळी ईदगाहवर वारं सुटलं होतं. चाळणीच्या खडखडाटानं अब्बांचे कान कधीच गेलेत, आणि वाऱ्यात त्यांचं कानातलं मशीन शिट्टी मारतं. त्यांनी ते काढून खिशात टाकलं. आमची घरातली बोली दखनी, पण इथं मराठीतच सांगतो. ते म्हणाले, "मला भोंगा ऐकू येत न्हाई. तुझ्या हाताकडं बघून करतो. ध्यान ठेव."

तेव्हाच सांगायला हवं होतं की मला येत नाही. शिकवणाऱ्या माणसाला ते वाक्य फार जड जातं.

पहिली रकात कशीबशी पार पडली. दुसरीत पठण संपलं, एक तकबीर झाली, हात उचलून सोडले. दुसरी झाली आणि माझी मोजणी डोक्यातून उडाली. मी गुडघ्यांवर हात ठेवून सरळ वाकलो. अब्बा वाकले. अब्बा वाकले म्हणून मागचे पंधरावीस जण वाकले. मग भोंग्यातून तिसरी तकबीर आली आणि आम्ही सगळे चाचपडत पुन्हा उभे राहिलो. मागे कुणीतरी हसू दाबलं.

नमाजेनंतर खुतबा, म्हणजे इमामसाहेबांचं प्रवचन सुरू झालं. मी त्यातला एक शब्द ऐकला नाही. कोण विचारेल आणि मी काय सांगू, एवढंच डोक्यात चाललं होतं. विचारलं मागच्या रांगेतल्या चाचांनी. ते एसटीत कंडक्टर होते. चूक कुणाची हे शोधल्याशिवाय त्यांना अजूनही चैन पडत नाही. गळाभेट घेता घेता म्हणाले, "आधी कोण वाकलं रं?"

"अब्बांना ऐकू येत नाही आता," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि याचा मला त्या क्षणी आनंदसुद्धा झाला. त्या आनंदाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

अब्बा शेजारीच अंथरलेली जानमाज घडी करत होते. आमचे ओठ हलताना त्यांना दिसले. "काय म्हणले?" त्यांनी मला विचारलं.

"ईद मुबारक म्हणतायत," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. अब्बांचा चेहरा फुलला. त्यांनी चाचांना तीनदा छातीशी धरलं.

ईदगाहवर एका रस्त्यानं जायचं आणि दुसऱ्या रस्त्यानं परत यायचं, असा रिवाज आहे. त्या दुसऱ्या रस्त्यावर माझं वाक्य आमच्या आधीच पोचलं होतं. दोघातिघांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत घालावी तसं सांगितलं, "पुढच्या ईदला मागं खुर्ची टाकू तुमच्यासाठी." तोवर मशीन परत कानात होतं. अब्बा "हाव, हाव" करत राहिले. घरी शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. अम्मीला वाटलं, साखर कमी पडली.

मग बकरीद आली. आदल्या संध्याकाळी पोचलो तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर अब्बा एकटेच.

"पोरं मोबाइलवर बघत्यात आता," ते म्हणाले. या वेळी मी न बोलावता बसलो. पण त्यांनी मला काही शिकवलं नाही. ते उठून उभे राहिले. "तू इमाम हो. मला येतंय का आजून, बघ."

मी मोठ्यानं तकबिरी म्हणत गेलो. त्यांनी हात बांधले, सोडले, सोडले, बांधले. मग सोडले, सोडले, सोडले आणि वाकले. एकदाही अडखळले नाहीत.

"बरोबर?"

"बरोबर."

"मग त्या दिवशी कसं चुकलं रं? मी तर तुझ्याकडंच बघत होतो." त्यांनी स्वतःचे हात डोळ्यांजवळ आणून बघितले. "आता डोळ्याचाबी भरवसा न्हाई."

त्यांना शंका आली ती स्वतःच्या डोळ्यांची. माझी आलीच नाही.

"अब्बा, माझ्यामुळं," मी म्हणालो. पण हळू म्हणालो. मशीन लावूनही एवढं हळू त्यांना ऐकू जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी कानाला हात लावून "आं?" केलं.

"काही नाही," मी मोठ्यानं म्हणालो.

सकाळी ईदगाहवर ते स्वतःहूनच मागच्या खुर्च्यांकडे गेले. पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला मी उभा राहिलो. त्या दिवशी माझ्या सहाही तकबिरी बरोबर आल्या.