सवयीचे हात

तापलेल्या ब्रेकचा वास आला की ताईच्या लग्नाची आदली संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी तिला सासरी, वेंगुर्ल्याला पोचवायचं होतं आणि आमची गाडी वर्षभर डावीकडे ओढत होती. तारकर्लीहून मालवणला येताना बाबांनी स्टीअरिंग सोडलं असतं तर अरबस्तानच गाठलं असतं.

गॅरेजातल्या मेस्त्रीने डाव्या चाकाला हात लावून झटकन मागे घेतला. "काका, हेच्यार बांगडो भाजतलो." खाऱ्या हवेने गंजून अडकलेला ब्रेक त्याने मोकळा केला.

बाबा चालवायला बसले आणि गाडी उजवीकडच्या माडाला टेकली.

"अरे, उलटा काय केलंस?"

मेस्त्रीने चालवली, तर सरळ गेली. बाबांनी घेतली की पुन्हा माड.

"गाडी बरी झाली, काका. आता तुमचे हात ओढतत."

पाठवणीला मेस्त्रीच चालवायला बसला. मागच्या सीटवर हातांचं काय करावं, ते बाबांना कळेना. मी हसलो. शेवटी त्यांनी ताईचा हात धरला, तो वेंगुर्ल्यापर्यंत सोडलाच नाही.