मावसाजी आणि गाडीचं मिसिंग

चालू मोटरसायकलवर फिरण्यापेक्षा बिघडलेली मोटरसायकल अंगणात उघडून बसण्यात जास्त सुख आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या जन्मात पाहिला, आणि ते म्हणजे आसेगावचे माझे मावसाजी. ढोरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. काळ एकोणीसशे सत्तरनंतरचा. गावात तेव्हा ती एकटीच मोटरसायकल. कुठल्याशा सरकारी लिलावातून त्यांनी ती आणली होती, आणि ती इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. मावशी म्हणायची हिरवा, मावसाजी म्हणायचे काळा. धडधडत चाललेली ही गाडी मध्येच एखादा ठोका गिळायची, दम खायची, पुन्हा धडधडायची, पुन्हा अडखळायची. मिस्त्री लोक याला मिसिंग म्हणतात. मावसाजी हा शब्द असा काही उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणाला टायफॉइड झालाय. "कालपासून मिसिंग करून राह्यली, बाप्पा," असं ते पडलेल्या चेहऱ्यानं सांगत, पण पाना-पेंचिस काढताना त्यांचा आनंद गगनात मावत नसे.

मिस्त्रीचा हात त्यांनी गाडीला कधी लागू दिला नाही. "वाशीमचा मिस्त्री सगळंच बदलवते," ते म्हणत. "प्लग बी, पॉइंट बी, कंडेन्सर बी. गाडी सुधरते, पन बिमारी काय होती ते ना त्याले समजत, ना आपल्याले." म्हणून त्यांचा स्वतःचा एक कायदा होता. एका वेळी एकच वस्तू बदलायची. आधी प्लग बदलायचा आणि गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत चक्कर मारायची. मिसिंग तसंच राहिलं तर प्लग निर्दोष. मग नवा काढून जुना सन्मानानं परत बसवायचा आणि पॉइंट बदलायचे. ठिणगी पाडणारी ही इवलीशी जोडी झिजली की गाडी हमखास अडखळते, पण मावसाजी तिच्यावरही पुराव्याशिवाय आरोप ठेवत नसत. पुन्हा चक्कर. मग त्याच ठिणगीला सांभाळणारा कंडेन्सर. अशानं एकेका मिसिंगला आठवडा सहज जाई. दवाखान्यात येणारे शेतकरी आधी गाडीची तब्येत विचारायचे आणि मग आपल्या बैलाची सांगायचे.

या चकरांना त्यांना मागे कुणीतरी बसलेलं लागे. "एकट्यानं मिसिंग समजत नाई, लोड पाह्यजे," हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे आसेगावला पाहुणा आला की मावसाजी आधी त्याच्या अंगकाठीकडे पाहत आणि मग चहाचं विचारत. मी कॉलेजच्या सुटीत जायचो तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आत मागच्या सीटवर असायचो. माझं वजन त्यांना कमी वाटे. "मेसमदी जेवत नाई काय रे तू?" हा प्रश्न मायेचा कमी आणि इंजिनाच्या काळजीचा जास्त होता. एकदा मावशीचे एक भारदस्त चुलतभाऊ नुसते पाणी प्यायला थांबले होते. त्यांना चढावाच्या परीक्षेसाठी नेलं, आणि ते नाल्यापासून उन्हात पायी परत आले. त्यानंतर त्यांनी या घराकडे फिरकणंच सोडलं. मावसाजींना वाईट वाटलं. "लय चांगला लोड होता," ते पुढे कितीतरी दिवस म्हणत.

नवे सुटे भाग ते तेलकट कागदात गुंडाळून तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवत. डाळीत दमट हवा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. "एक दिवस वरनात पॉइंट शिजनार हाय, मंग बसा चावत," असं म्हणत मावशी तोच डबा रोज झटकून जागेवर ठेवायची.

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. ती मॅट्रिक झाली आणि मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी तिला वाशीमला मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्या नात्यागोत्यात तोवर एकही मुलगी नोकरीला लागली नव्हती. यंदा नंबर लागला नाही तर शिरपूरच्या स्थळाला होकार द्यायचा, असं मावशीनं पक्कं केलं होतं, आणि सुजाताला ते लग्न मुळीच नको होतं. मी तेव्हा तिथेच मुक्कामाला होतो. "यष्टीत पोरगी चेंगरून जाईन. मीच नेतो," मावसाजी म्हणाले. सकाळी बुद्धवंदना झाली, सुजाता पांढऱ्या साडीत मागे बसली, आणि शाळेपर्यंत जाऊन गाडी मिसिंग मारू लागली. ढकलत परत आणली.

मावसाजींनी बाह्या सारल्या. प्लग बदलला, मला मागे घेऊन चक्कर मारली. मिसिंग तसंच. आल्यावर ते शांतपणे नवा प्लग काढून जुना लावायला बसले, तेवढ्यात सडकेवरून वाशीमची यष्टी धुरळा उडवत निघून गेली. दुसरी थेट दुपारी होती. मुलाखत अकराला.

"अजी, आता तरी सगळंच बदलवा ना!" मावशी ओरडली. "पोरीचा जलम चालला, अन् तुमी तपास कायले करता?"

सुजाता पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. मावसाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मावशीकडे डाळीचा डबा मागितला. डाळ अंगणात सांडली, तिकडे कुणी पाहिलंही नाही. नवा प्लग होता तसाच ठेवून त्यांनी पॉइंट आणि कंडेन्सर एकाच बैठकीत बदलले. दाढीच्या ब्लेडनं पॉइंटमधली फट जुळवली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. एकही ठोका न गिळता ती बापलेकीला घेऊन गेली, आणि वेळेवर पोचलीही.

सुजाताचा नंबर लागला. ती ट्रेनिंगला गेली आणि घर एकदम सुनं पडलं. दिवाळीत मी गेलो तेव्हा गाडी ठणठणीत होती आणि मावसाजी मात्र उदास. "दोघाईतला कोन होता, ते काई समजलं नाई," ते म्हणाले. मी म्हटलं, जुने दोन्ही भाग पडलेत ना, एकेक लावून पाहा, लगेच कळेल. त्यांनी कोनाड्यातली फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली, बराच वेळ पाहिली आणि परत बांधली.

"राहू दे बापा," ते म्हणाले. "समजलं तर त्याच्यावर राग येईन. पोरगी रडली होती त्या दिवशी."

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखा जीव लावणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. सुजाता हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली, तेव्हा तिच्या निरोपाला मी गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. त्या मुलाखतीत काय विचारलं होतं गं, मी सहज म्हटलं.

"काईच आठवत नाई मले," ती म्हणाली. "बाबानं सगळं एकदम बदलवलं, तेवढंच आठवते."