सुतकातले स्तोत्र

त्या मंगळवारी माझी पत्नी मुलाला यवतमाळच्या केंद्रात घेऊन गेली होती. दुपारच्या बसने ती कळंबला परतली, घरी आली, त्याला जेवायला वाढले आणि ओट्याला पाठ टेकून खाली बसली. ती पुन्हा उठली नाही.

मुकुंद तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो बोलत नाही. त्याच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात, हे आम्हाला त्या केंद्रातच कळले. तोवर गावात ज्याने त्याने आपापला शब्द वापरला होता. सरकारी दवाखान्याच्या आवारात मागच्या बाजूला एका खोलीत ते केंद्र चाले. आठवड्यातून एक वार, एक तास, आणि फी नाही. एवढेच होते, पण आमचा सगळा आठवडा त्या तासाच्या आधाराने उभा असे. तिथल्या बाई चित्रांच्या पट्ट्या करून देत. आधी बस, मग केंद्र, मग पोळी, मग घर. पुढे काय होणार ते आधी दिसले की तो शांत राही. घरात काही बदलणार असेल तर त्याला आधी चित्र दाखवा, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत, आणि पत्नी ते कसोशीने पाळत असे. नवीन चादर घालायची तरी ती त्याला आदल्या दिवशी दाखवून ठेवायची. त्या मंगळवारी जे झाले त्याचे चित्र कोणाजवळ नव्हते.

त्याचे खाणे, आंघोळ, झोप, सगळे तिच्या हातचे होते. माझ्या वाट्याला सकाळ होती. वाचनालयात कामावर जाण्यापूर्वी मी देवघरासमोर बसून गणपतीचे स्तोत्र मोठ्याने म्हणत असे. पहिल्या ओळीला मुकुंद कुठूनही येई, शेजारी बसे आणि आपला तळवा माझ्या गळ्यावर ठेवी. माझ्याकडे पाहत नसे. आवाजाची थरथर हाताला लागत असावी. स्तोत्र संपले की हात काढून निघून जाई. पत्नी हसून म्हणायची, "तुमचं म्हणणं देव कानानं ऐकतो की नाही ठाऊक नाही, हा मात्र हातानं ऐकतो."

अग्नी मुलाने द्यायचा, आणि देणाऱ्याने क्षौर करायचे, असे गुरुजींनी सांगितले. मुकुंदला डोक्याला कंगवासुद्धा लावू देणे अवघड जाई. त्याच्याऐवजी मी बसलो. केस गेले, मिशी गेली. स्मशानातून परतलो तेव्हा तो मधल्या खोलीत उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, दोन्ही कान हातांनी दाबले आणि पलंगाखाली शिरला. जन्मापासून त्याने मला मिशीशिवाय पाहिलेले नव्हते. आई घरात नव्हती, आणि बाबांच्या कपड्यांत कोणी भलताच माणूस दारातून आत आला होता.

त्यानंतर मी खोलीत गेलो की तो पलंगाखाली जाई. वर्ध्याहून माझी थोरली बहीण आली होती. तिच्या हातून दोन घास खाई, माझ्या हातून पाणीही घेत नसे. सूतक असल्यामुळे देवघरावर पडदा ओढलेला होता. दिवा नाही, पूजा नाही, स्तोत्र नाही. हे नियम मी वडिलांकडून घेतले होते आणि ते मोडावेत असे माझ्या मनात कधी आले नाही. चिंतामणीचे देऊळ आमच्या घरापासून दूर नाही. रस्त्यावरून कळस दिसे, तेव्हा मी मान खाली घालून पुढे जात असे. खरे सांगायचे तर मला तेव्हा देवाशी बोलायचे काही राहिलेही नव्हते. सूतक होते म्हणून ती गोष्ट स्वतःपुढेसुद्धा कबूल करावी लागली नाही.

ताईने एका दुपारी विषय काढला. "तू कामावर जाशील, मग याच्याजवळ कोण? नागपूरला अशा मुलांचं वसतिगृह आहे. शासनाचं अनुदान आहे, चांगलं ठेवतात म्हणतात."

"तिथं त्याच्या ओळखीचं कोण आहे, ताई?"

"इथं तरी कोण आहे?" ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी मुद्दाम नाही रे बोलले."

तिचे चुकत नव्हते. तेरावा झाला की मुकुंदला नागपूरला सोडायचे असे ठरले. मंगळवारी केंद्रातल्या बाईंना विचारून घेऊ, असे ती म्हणाली, आणि मी हो म्हटले.

मंगळवार आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. सकाळी तो वॉटरबॅग गळ्यात अडकवून दारात उभा होता, आईबरोबर निघताना उभा राही तसाच. बसमध्ये तो ताईजवळ बसला. त्याला मी दिसू नये म्हणून मी शेवटच्या सीटवर बसलो. कापसाचे दिवस होते. रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रकमधून उडालेला कापूस जागोजागी अडकला होता. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात सारखे येत असे. का येत असे ते इथल्या माणसाला सांगायला नको.

केंद्रासमोरच्या खोलीत त्या हंगामात समुपदेशन सुरू झाले होते, जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकांसाठी. व्हरांड्यात एका बाजूला त्या बसत, दुसऱ्या बाजूला आमची मुले. ताई बाईंशी बोलायला आत गेली. मुकुंद कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसलो. आत नागपूरचे बोलणे चालले असेल, हे मला कळत होते.

माझ्या शेजारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. अंगावर विटलेली आरशांची ओढणी, मांडीवर सातएक वर्षांची नात. ती मुलगी म्हातारीच्या खांद्यावर कपाळ आपटत होती, थांबत होती, पुन्हा आपटत होती. म्हातारी माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"महाराज, कोन्या गावचे जी?"

"मी महाराज नाही, आजी. कळंबचा आहे."

"चिंतामणीच्या गावचे. मंग बराबर हाय." तिने नात माझ्याकडे वळवली. "हिच्यासाठी देवाचं कायी म्हना. आतमंधी जाचं म्हनलं की लय भेते पोरगी."

"मला सूतक आहे. देवाचं म्हणता येत नाही."

तिने पुन्हा डोक्याकडे पाहिले. आता तिला कळले. "कोन गेलं?"

"बायको."

नातीच्या कपाळाखाली तिने आपला तळहात धरला, म्हणजे आपटले तरी लागू नये. मग म्हणाली, "सुतक तुमाले हाय. हिले कुठं हाय?"

"तसं चालत नाही, आजी."

"केळापूरच्या पल्याडून दोन गाड्या बदलून आलो जी आमी. देवानं एक महाराज भेटवला, तं थो बी सुट्टीवर."

समोरच्या बाकावरची एक बाई पदराआड हसली. इतक्या दिवसांत मी कोणाला हसताना ऐकले नव्हते. म्हातारीला नाही म्हणण्याचे बळ माझ्यात उरले नाही. मी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली.

पहिली ओळ दोनदा म्हणावी लागली. दुसरी निघाली. पुढच्या ओळी सवयीने आपोआप येऊ लागल्या. त्यात भक्ती होती असे मी म्हणणार नाही. पोरीचे कपाळ आपटणे तसेच ऐकू येत होते. मग फरशीवर चपलांचा आवाज आला, फरफटत येणारा, आणि माझ्यापाशी थांबला. एक तळवा माझ्या हनुवटीला लागला, गालावरून चाचपडत खाली सरकला आणि गळ्यावर आपल्या जागी येऊन टेकला. वॉटरबॅगच्या पाण्याने तो ओला होता.

मी डोळे उघडले नाहीत. थांबायची मला भीती वाटली. स्तोत्र संपले तेव्हा श्वास न घेता पुन्हा पहिल्या ओळीपासून धरले. केव्हातरी दार वाजले, ताईची चाहूल लागली, तिच्यामागे बाईही येऊन उभ्या राहिल्या असाव्यात. शेवटी मी पाहिले तेव्हा मुकुंदची मान दुसरीकडे वळलेली होती. माझे तोंड त्याला अजून नकोच होते. ते केस वाढेपर्यंत तसेच राहिले. पण हात त्याने काढला नव्हता.

शेजारची जागा रिकामी होती. म्हातारी नातीला घेऊन आत गेली होती. मुलगी घाबरत गेली की शांतपणे, ते मी पाहिले नाही. आमची बस निघाली तेव्हा त्या दोघी आतच होत्या.

परतीच्या वाटेवर ताई एवढेच म्हणाली, "नागपूरचं राहू दे." घरी मी पाठमोरा बसून, हात मागे करून घास दिला, आणि त्याने तो घेतला. पुढच्या मंगळवारपासून मी त्या आजीची वाट पाहिली. वेचणी जोरात आहे, तांड्यावरची माणसे येत नाहीत आता, असे बाई म्हणाल्या. नंतरही ती आली नाही. मी तिचे नावसुद्धा विचारले नव्हते.

हे का घडले, ते मी अनेकदा मनाशी उलगडून पाहिले आहे. ज्या डोक्याने मुलगा माझ्यापासून तुटला, तेच पाहून ती मला महाराज समजली. मी देवाकडे काही मागितले नव्हते. त्या दिवसांत मागायची मुभा नव्हती आणि इच्छाही नव्हती. ज्या दिवसांत मी त्याचे नाव घ्यायचे थांबवले होते, त्याच दिवसांत त्याने माझी चौकशी केली, आणि तीही दुसऱ्या कोणाच्या लेकरासाठी मला कामाला लावून. आमच्या गावचा देव जमिनीच्या पोटात आहे. त्याच्याकडे पायऱ्या उतरून जावे लागते. लहानपणापासून मी त्या उतरत आलो होतो. खाली जाणे म्हणजे काय ते त्या व्हरांड्यात कळले. शरण जायला माझ्या अंगात श्रद्धा उरली नव्हती. आवाज तेवढा होता, तो दिला.

पत्नी परत आली नाही. मुकुंद कधी बोलला नाही. दोन वर्षांनी केंद्राचा निधी थांबला, बाईंना दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागले, त्या खोलीला कुलूप लागले. चौकशी केली की नागपूरला जा म्हणतात.

मुकुंद आता माझ्या खांद्याला लागतो. दर मंगळवारी तो वॉटरबॅग गळ्यात अडकवून दारात उभा राहतो. यवतमाळला जायला जागा राहिली नाही, म्हणून आम्ही चिंतामणीच्या पायऱ्या उतरतो. मी स्तोत्र म्हणतो. त्याचा हात माझ्या गळ्यावर असतो.