भिंगकाकांची साक्ष

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे जुळारी म्हणायचे. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला हे नाव असे. ही भेटी आणि कलमं जुळवायची. राज्याचा नियम होता, की कुठल्याही कंपनीच्या किंवा संस्थेच्या वतीने कुणी मंत्र्याला किंवा आमदाराला भेटलं, तर कोण भेटलं, त्याचा पत्ता काय आणि कशासाठी भेटलं, हे सरकारने जाहीर करायचं. सरकार करायचंही, पण असं काही, की वाचणाऱ्याने हात टेकावेत. तिरकी छापलेली पानं, एकाच माणसाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं, विषयाच्या रकान्यात नुसतं 'सदिच्छा भेट'. जुळारी ते सगळं खडे निवडावेत तसं निवडायची आणि शेजारी त्या महिन्यातली विधेयकं मांडायची. भाडेकरूंच्या कायद्यातलं एक कलम अचानक मवाळ झालं, तेव्हा त्याआधी बांधकाम कंपन्यांची कोणकोण माणसं सदिच्छा घेऊन आली होती, हे लोकांना तिच्या तक्त्यावरून कळलं.

तिला घडवलं भिंगकाकांनी. ते कचेरीतले सगळ्यात जुने बातमीदार. जाड चष्मा आणि कागद नाकाला लावून वाचायची सवय, म्हणून हे नाव. भेटी जाहीर करण्याचा नियम यावा म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. "बातमी सापडली असं वाटलं ना, की आधी ती खोटी आहे असं धरून चाल," ते तिला सांगायचे. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. ती रिकामी जागा काकांनी कधी घेतली, ते तिलाही कळलं नाही. ते घरी यायचे, तिच्या आईच्या हातचं जेवायचे, तिच्या मुलीच्या रंगीत पेन्सिलींना टोक काढून द्यायचे. मुलगी त्यांना आजोबाच म्हणायची.

एकदा जुळारीच्या हातून मोठी चूक होता होता राहिली. खाण कंपनीसाठी मंत्र्यांकडे खेटे घालणारा एक मध्यस्थ आणि एक शाळामास्तर, दोघांचं नाव तंतोतंत सारखं. मास्तर बिचारे शाळेच्या छपरासाठी गेले होते, आणि हिने त्यांना खाणवाल्यांच्या रांगेत बसवलं. बातमी छापायला जायच्या आधी तिने काकांना वाचून दाखवली.

"पत्ता बघितलास?" काकांनी विचारलं.

तिने जाहीर झालेलं पान पुन्हा काढलं. पत्ते वेगळे होते. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अगं वेडे, छापलं गेलं नाही ना? मग झालंच नाही," काका म्हणाले. "हे तुझ्यामाझ्यात राहील."

पुढे काका निवृत्त झाले. "थोडंफार सल्ला द्यायचं काम करतो," म्हणायचे. कसला सल्ला, असं विचारलं तर हसायचे. "म्हाताऱ्याचा विरंगुळा गं." तिने कधी खोदून विचारलं नाही. जिच्या प्रश्नांना अधिकारी टरकायचे, तिने आपल्या माणसाला मात्र विचारलं नाही.

मग सरकारने नियमात दुरुस्ती आणली: भेटींचे विषय जाहीर राहतील, भेटणाऱ्यांची नावं-पत्ते मात्र झाकायचे. आमदारांच्या समितीने खुली सुनावणी ठेवली. जुळारी बातमीसाठी पुढच्या रांगेत बसली होती. उद्योजकांच्या संघटनेने आपला सल्लागार बोलावला आणि दारातून भिंगकाका आत आले. अंगावर नवा कोट. ते सुनावणी ऐकायलाच आलेत असं वाटून तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली.

काका तिच्यासमोरून गेले आणि साक्षीदाराच्या खुर्चीत बसले.

"नावं उघडी ठेवण्यात धोका आहे," ते शांतपणे सांगू लागले. "मी स्वतः पाहिलंय. एका वर्तमानपत्रात नामसाधर्म्यामुळे एक निरपराध शिक्षक खाण कंपनीचा दलाल ठरत होता. मी तिथे होतो म्हणून टळलं. प्रत्येक वेळी मी कुठे असणार?"

आमदारांनी माना डोलावल्या. जुळारीचं नाव काकांनी घेतलं नव्हतं. पण काकांच्या कचेरीत असे तक्ते एकटी तीच करते, हे ठाऊक असलेले मागचे बातमीदार तिच्याकडेच बघत होते. नागरिकांना बोलायची मुभा होती. ती उठली.

"ती चूक माझीच. ती सापडली, कारण नाव आणि पत्ता दोन्ही उघडं होतं. झाकलेलं असतं तर मी कशावरून ताडून बघणार होते? हे साक्षीदारांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

अध्यक्षांनी आभार मानले. समितीने दुरुस्ती मंजूर केली.

बाहेर जिन्यापाशी काकांनी तिला गाठलं. "मनाला लावून घेऊ नकोस. कामाचा भाग होता. तुझं नाव घेतलं का मी?"

"नाही घेतलंत," ती म्हणाली. "केसाने गळा कापलात."

"घरी येतो संध्याकाळी. शांतपणे बोलू."

"नका येऊ, काका."

नवा नियम लागू व्हायच्या आधी नावांची शेवटची पानं जाहीर झाली. त्यात काका होते, एकदा नव्हे, बऱ्याचदा. समितीच्या अध्यक्षांकडे 'सदिच्छा भेट'. तिने तक्ता लावायला घेतला तेव्हा आई शेजारी येऊन बसली.

"आपल्या ताटात जेवलेला माणूस आहे गं. त्याचं नाव छापणार?"

"बाकीच्यांचं छापतेय ना, आई?"

तिने नाव ठळक केलं नाही, गाळलंही नाही. वर्णानुक्रमात जिथे येत होतं तिथे ठेवलं. पत्ता ताडून बघितला. तो त्यांचाच होता.

तक्ता गाजला, आणि काही दिवसांनी लोक विसरलेही. आता सरकारी पानांवर नुसते विषय येतात. जुळारी अजून काम करते, दारांवर जाऊन माणसांना विचारून नावं मिळवते. पण लिहिलेलं कुणाला वाचून दाखवत नाही. संपादकांनी एकदा म्हटलं, "छापायच्या आधी कुणाच्या तरी नजरेखालून जाऊ दे." तिने 'हो' म्हणून मान हलवली, आणि एकटीच पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.