खुर्चीवाल्याची खालची कवळी

कवळीकाका माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नाहीत. तोंड उघडण्याची वाट बघतात. तीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवण्यात गेली. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात, धड नसलेली सभा भरावी तसे. त्या सभेपुढे काका तासन्‌तास गप्प बसू शकतात. जिवंत माणसापुढे मात्र आपलेच पैसे मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटते. डॉक्टरांकडची बिलंसुद्धा काकूच वसूल करून आणतात.

पण नेमकी काकूंची कंबर धरली, आणि लग्नाच्या खुर्च्यांचं डिपॉझिट परत आणायचं काम काकांच्या गळ्यात पडलं. होणारा जावई शिडीवरून पडून पाय मोडून बसला होता. लग्न चार महिने पुढे गेलं. नव्या तारखेला जो हॉल मिळाला तिथे खुर्च्या हॉलच्याच. हॉलवाल्याला शनिवारी दुपारपर्यंत वीस हजार आगाऊ भरले नाहीत तर तारीख दुसऱ्याला जाणार होती. आणि घरातले तेवढेच वीस हजार खुर्चीवाल्याकडे अडकले होते.

"अहो, नुसते जाऊन उभे राहू नका. तोंड उघडा."

"उघडतो गं."

"त्याचं नाही, तुमचं!"

शुक्रवारी काका गेले. खुर्चीवाल्याचं ऑफिस म्हणजे गोदामाचा एक कोपरा. पाठीमागे एकात एक घातलेल्या खुर्च्या छतापर्यंत गेलेल्या. इतक्या खुर्च्या, आणि बसायला एक स्टूल.

"हे बघा साहेब, पावतीवर छापलंय. डिपॉझिट परत मिळणार नाही. लग्न पुढे ढकला, मोडा, तुमची मर्जी."

प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याच्या तोंडात टक् असा आवाज होत होता. काकांच्या डोक्यात तो टक् तेवढा शिरला, नियम बाहेरच राहिला.

"खालची कधी बसवलीत?"

"काय खालची?"

"कवळी. डावीकडे टेकत नाहीये. जेवताना हिरडी सोलवटत असेल."

खुर्चीवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "सहा महिने झाले हो. नुसतं पातळ गिळतोय. बायको म्हणते, नाटकं करता."

"काढा बघू."

त्याने काढली. काकांनी ती धुऊन रुमालात गुंडाळली, "उद्या सकाळी आणतो," म्हणाले आणि निघाले. पैशांची आठवण त्यांना अर्ध्या रस्त्यात झाली.

घरी काकूंनी रुमाल उलगडला आणि कंबर विसरून ताठ बसल्या.

"त्याची? गहाण ठेवून आणलीत?"

"दुरुस्तीला आणलीय."

"पैसे हातात पडल्याशिवाय द्यायची नाही, सांगून ठेवते."

"अगं, उपाशी आहे तो माणूस!"

"आणि मी सासरी काय सांगू, बाबा?" आतून लेक ओरडली. "तारीख गेली, पण दात मिळाले?"

काका कवळी घासायला बसले.

शनिवारी सकाळी त्यांनी कवळी बसवली, निळा कागद चावायला लावून डाग तपासले, जरासं आणखी घासलं. खुर्चीवाल्याने डब्यातलं बिस्कीट काढून चावलं. कर्र असा आवाज झाला आणि त्याचे डोळे भरून आले.

आता मागायचं, असं काकांनी ठरवलं. घसा खाकरला. "एक बोलायचं होतं."

"बोला की."

पैशांचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि आल्या पावली परत गेलं. त्याच्या जागी बाहेर पडलं ते निव्वळ खरं होतं.

"खालची नीट बसलीय. पण आता सगळा भार वरचीवर येणार. चार दिवसांत तीही टकटकायला लागेल. आणि ती दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मलाच बघावी लागेल."

खुर्चीवाल्याने बिस्कीट हळूच खाली ठेवलं. "म्हणजे, असं आहे तर."

"हो, असंच असतं."

"मी तुम्हाला साधा माणूस समजत होतो."

"काम साधंच आहे," काका म्हणाले.

खुर्चीवाल्याने ड्रॉवर ओढला, वीस हजार मोजले आणि त्यांच्यापुढे सरकवले. काका थक्क. न मागता!

"वरची कधी करताय?"

"सोमवारी. शब्द देतो."

दुपारच्या आत हॉलची पावती फाटली. काकूंनी तीनतीनदा खोदून विचारलं, "नक्की काय बोललात?" काकांनी शब्द न्‌ शब्द सांगितला. काकू हसता हसता कंबर धरून खाली बसल्या, आणि आपण काय विनोद केला हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी वरचीही झाली. पण तोवर खुर्चीवाल्याने बाजारभर सांगितलं होतं: तो कवळीवाला फार पोचलेला आहे, गोड बोलतो आणि थेट जबड्यात हात घालतो.

मंगळवारी सजावटीचा फुलवाला आपणहून दारात उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. ओठ घट्ट मिटून त्याने डिपॉझिटचं पाकीट काकूंच्या हातात ठेवलं, आत यायला मानेनेच नकार दिला आणि झपाझप जिना उतरला.

"कोण होतं गं?" काका आतून म्हणाले.

"फुलवाला. तोंडच उघडेना."

"दाढ ठणकत असेल बिचाऱ्याची," असं म्हणत काका चपला शोधू लागले.